अल्टरनेटरचे लाड

आमच्या ह्यांनी जुन्या गाडीला बॅटरी चार्ज करणारा नवा अल्टरनेटर बसवला. त्याची जागा नेमकी सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला खेटून. तो तापून जळू नये म्हणून ह्यांनी मध्ये पत्रा लावला, आणि माझ्या सीटपाशी बाहेरचा वारा आणणारी नळी उपटून थेट त्याच्या तोंडाशी नेली. घरच्या जावयाचेही कोणी इतके लाड करत नाही.

पहिल्या फेरीचा मान मला मिळाला. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, सीट तव्यासारखी तापलेली. रुमाल हलवून हलवून माझा हात दुखायला लागला आणि तेवढ्यात गाडी आचके देत बंद पडली. हे धावत उतरले, बॉनेट उघडून आधी लाडक्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बघ, कसा गार आहे! ह्याचा काही दोष नाही."

दोष टाकीचा होता. एवढ्या सगळ्या गडबडीत पेट्रोल भरायचंच राहिलं होतं.

"पंप समोरच दिसतोय गं. जरा उतरून धक्का देतेस?"


"त्यालाच उतरवा. माझ्या वाट्याचा वारा त्यानं खाल्लाय."