पिवळं बाळ

डाव्या स्क्रीनवरच्या बाळाला कावीळ झाली होती. उजव्या स्क्रीनवरचं तेच बाळ नुकतंच न्हाऊन आल्यासारखं गुलाबी.

वहिनीने डावा मॉनिटर पुन्हा उजव्याशी जुळवायला घेतला. पिवळा उतरवला, निळा चिमूटभर वाढवला. गाल सुधारले तर दुपटं बिघडलं. पंचवीस वर्षं तिने लोकांच्या फोटोंना रंग चढवले होते. आणि आज, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर दुकानात आल्याच्या पहिल्याच दिवशी, तिला दोन स्क्रीन सारखे करता येईनात.

"वहिनी, तास झाला," शेजारच्या टेबलावरून नणंद म्हणाली. दुकान दोघींचं, रंग वहिनीकडे, बोलणं नणंदेकडे. "आईबाप चारला येणारेत फोटो न्यायला. या वेगाने बाळ शाळेत जायला लागेल."

"मॉनिटरच बिघडलाय मेला."

म्हणाली खरी, पण तिचा संशय दुसरीकडेच होता. डावा डोळा, आणि डावीच बाजू. एकेक डोळा झाकून बघायचं तिला धाडस होईना.

"चल, दोन्ही मॉनिटरच्या जागा बदलून बघू." तिने केलेले सगळे फेरफार पुसून टाकले. पिवळेपणा मॉनिटरबरोबर उजवीकडे गेला, तर दोष मॉनिटरचा. नाही गेला, तर... पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

वायरींचा गुंता सोडवत, एकमेकींच्या पायावर पाय देत दोघींनी मॉनिटर इकडचे तिकडे केले. "बाई गं! तुझ्या लग्नातलं कपाट वर चढवलं त्यानंतर आजच," नणंद धापा टाकत म्हणाली.

वहिनीने पाहिलं. मॉनिटर उजवीकडे गेला होता. कावीळ डावीकडेच होती.

ती खुर्चीत टेकली.

"त्यांना फोन कर. म्हणावं, दुसरीकडून करून घ्या."

"का?"

"माझ्या डोळ्यातला रंग गेला गं. डावीकडचं सगळं पिवळं दिसतंय मला."

नणंद वाकली. एक स्क्रीन बघितला, मग दुसरा.

"अगं, पण पिवळं मलाही दिसतंय."

"तुलाही?"

"चांगलं हळद लावल्यासारखं!"

वहिनीने हळूच मान वळवली. डाव्या हाताला खिडकी. खिडकीला नवा पडदा, शेवंतीसारखा पिवळा, आणि त्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन थेट डाव्या स्क्रीनवर. सकाळी तिनेच म्हटलं होतं, छान आहे हो. या खोलीत भिंती करड्या, पडदे करडे, भडक ओढणीलासुद्धा बंदी, हा नियम पंचवीस वर्षांपूर्वी घातला होता तोही तिनेच.

नणंदेचा हात तोंडावर गेला. "तो जुना पडदा विरला होता गं. म्हटलं, ऊन टोचेल तुझ्या डोळ्याला. आणि तू आजारातून उठून येणार, तर जरा प्रसन्न दिसू दे..." ती धावत खिडकीशी गेली, पडदा एका हाताने बाजूला धरला.

बाळ गुलाबी झालं. इकडेही, तिकडेही.

वहिनीने डावा डोळा झाकून पाहिलं. मग उजवा. तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

"रडू नकोस हं! डॉक्टर काय म्हणालेत?"

"सोड," वहिनी म्हणाली.

नणंदेने पडदा सोडला. डावं बाळ पिवळं.

"धर."

गुलाबी.

"परत," वहिनी म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढून घेतली.