ओळखीचा आवाज

खुटबावच्या मळ्यात चर्चच्या तरुण संघाचं शिबिर भरलं होतं. मेंढरं आपल्या मेंढपाळाचाच आवाज ओळखून त्याच्यामागं जातात, हा बायबलमधला धडा शिकवायचा म्हणून संघ चालवणाऱ्या अनुग्रहदादानं मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. "फक्त माझ्या आवाजामागं यायचं. दुसरं कुणी काही म्हटलं तरी थांबायचं न्हाई."

मुलं हसत निघाली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो कठडा नसलेल्या विहिरीला वळसा घालून पलीकडं गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मुलं त्याच्या आवाजाच्या रोखानं सरळ विहिरीकडं चालू लागली.

संडे स्कूलमध्ये शिकवणारे म्हातारे याकोबआप्पा बांधावरून ओरडले, "पोरांनो, थांबा! पुढं हीर हाय!"

"आप्पा फसवत्यात रं, चला!" मुलांनी पाय उचलले.

आप्पा धावत सुटले. "अनुग्रह, मागं बघ!"

त्यानं वळून पाहिलं. फोन हातातून पडला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आवाज बंद झाला तशी मुलंही जागीच थांबली. सगळ्यांच्या पुढं असलेल्या एस्तेरच्या पायाखालची माती सुटून पाण्यात पडली.

"बोला की दादा," ती म्हणाली, "आता कुठं येऊ?"