पाच डोकी

सुरूच्या झाडांच्या सावलीत बायकोने डबा उघडला, तरी जयवंतची नजर पाण्यावरच होती. निवांत किनाऱ्यावर एकच कुटुंब पोहायला उतरलं होतं. एक, दोन, तीन, चार... तो ताडकन उठला. पाचवं डोकं बुडी मारून वर आलं, तेव्हा कुठे तो खाली टेकला.

"अहो, सुट्टी आहे ना आज? मग खिशात शिट्टी कशाला?"

जीवरक्षकाची नोकरी त्याची. गेल्या दिवाळीच्या गर्दीत त्याच्या पहाऱ्यात एक पर्यटक बुडाला. "तुझी चूक नव्हती," असं सगळे म्हणाले. झोप मात्र उडाली ती उडालीच.

बायकोने शिट्टी काढून घेतली आणि त्याला समुद्राकडे पाठ करून बसवलं. "जेवा आणि आडवे व्हा. मी मोजते."

तिला तर पोहताही येत नव्हतं. पण बांगड्याचं कालवण आणि भात पोटात गेला, तसे त्याचे डोळे जड झाले.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. शिट्टी मुठीत धरून ती अजून पाण्याकडेच तोंड करून बसली होती. तिचं ताट कोरडंच होतं.

"पाचही जणं नीट बाहेर आली," ती म्हणाली. "आता मला वाढा."