खोडलेला रकाना

लेकीच्या वेळच्या टेस्ट ट्यूब उपचारांतले उरलेले तीन भ्रूण आम्ही पंधरा वर्षं दवाखान्यात गोठवून ठेवले होते. यंदा फॉर्मवरचा ‘मेंदूच्या आजारांवरील मूळ पेशींच्या (स्टेम सेल) संशोधनाला द्या’ हा रकाना नर्सनं आधीच पेनानं खोडून ठेवला होता.

“नवा कायदा आलाय, काकू. भ्रूण म्हणजे जीव. त्याच्यावर प्रयोग बंद.”

“मग आता?”

“ठेवा, नाहीतर टाकून द्या.”

“टाकायला परवानगी लागते?”

“त्याला कसली परवानगी! दोघांच्या सह्या पुरेत.”

‘टाकून द्या’वर खूण करून मी सही केली. ह्यांच्या हातात पेन दिलं, पण कंपवातामुळं ते कागदावर ठरेना. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“सावकाश, काका,” नर्स हळहळली. “ह्या आजारावर कुणी संशोधन करत नाही का हो?”