रिकामा रकाना

"पोर्ट सापडत नाही." पडद्यावर चौथ्यांदा तेच आलं, तशी रेवणप्पा सरांनी दुकानातल्या टेबलावर थाप मारली.

"बाई, उद्या दोन हजार पोरांची टेस्ट हाय. हे बारा वॉकीटॉकी आजच चालू झाले पाहिजेत."

"होतील, सर," लुंबिनी म्हणाली.

सरांनी तिला ओळखलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी लातूरमधल्या, रस्त्यापलीकडच्या आपल्या क्लासमध्ये त्यांनी तिला उभं करून माईकवर तिचे मार्क वाचले होते. "भूकंपग्रस्ताच्या सर्टिफिकेटवर लागला तर लागंल हिचा नंबर!" सहाशे पोरं हसली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात तिची आजी आणि दोन आत्या गाडल्या गेल्या होत्या.

वॉकीटॉकी कॉम्प्युटरला जोडायच्या केबलमधली चिप नकली होती, नवा ड्रायव्हर तिला जुमानत नव्हता. लुंबिनीनं तो काढून जुना टाकला, पोर्टचा नंबर जुळवला. आकड्यांचे दोन रकाने उघडले, एक ऐकण्याचा, एक बोलण्याचा. अकरा सेट तिनं नीट भरले. बाराव्यातला बोलण्याचा रकाना पुसून टाकला.

"हा तुमचा, सर. आवाज एकदम साफ येईल."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आपला सेट लावून बसली. रस्त्यापलीकडं क्लासच्या गेटवर सर बटण दाबून ओरडत होते. सेटवर त्यांचा एक शब्द उमटत नव्हता. तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात अकरम नावाच्या पहारेकऱ्याचा आवाज आला. "सर, मागच्या हॉलात पोरगी पडली! झटके येऊन राहिलेत. तुमच्या हुकमाबिगर दार उघडायचं न्हाई म्हणलात. उघडू का? सर?"

सर सेट तोंडाशी धरून गळा फाडत होते. मग आत पळाले.

लुंबिनीनं आपला सेट उचलला. तिनं बटण दाबलं. "दार उघडा! पोरीला कुशीवर घ्या. मी ऑटो आणते."

"कोण बोलतंय?"

"लुंबिनी. समोरच्या दुकानातली. सरांचा सेट मीच मुका केलाय."

ऑटो गेटाशी लागला. पोरीला उचलून आणलं, तेव्हा तिचे डोळे उघडे होते. लुंबिनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"ही गेली असती तर?" सर ओरडले.

"हिची माफी मागीन मी," लुंबिनी म्हणाली. "तुमची न्हाई. चला हो, ऑटोवाले."