पाण्याआधीचं वाक्य

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मोठ्यानं सांगवत नाही.

दुपार होती. लेखिका आपल्या टेबलाशी, दार अर्धवट उघडं. पलीकडच्या खोलीत तिची आई पलंगावर पडलेली. आईच्या पायाशी ठकी, म्हणजे लेखिकेची मुलगी, खडूंनी रंगवत बसलेली.

"पाणी," म्हातारी म्हणाली.

"आले गं आई. एवढी ओळ होऊ दे."

ओळ झाली. तिच्या पाठोपाठ दुसरी आली. म्हातारीला साधं पाणी चालत नसे, ठसका लागे. पावडर कालवून दाट करायचं आणि चमच्याचमच्यानं पाजायचं, तेही लेखिकेनंच. ठकीला वाटीला हात लावायची सक्त मनाई.

"पाणी दे गं."

"आले, आले."

मग म्हातारी खिडकीकडे बघत आपल्याशीच बोलली, "आज उन्हाला कुणी जेवायला वाढलं नाही वाटतं. कसं भिंतीला टेकून बसलंय."

खुर्ची करकरली. लेखिका धावतच आली, हातात पेन. "काय म्हणालीस आई? परत म्हण ना!"

आजारपणापासून म्हातारीच्या तोंडून असं काहीबाही येई, आणि लेखिकेच्या कादंबरीतली म्हातारी त्यावरच जगत होती. वाक्य तिनं तळहातावर उतरवून घेतलं, "किती गोड बोलतेस गं," म्हणत आईचा गाल कुरवाळला आणि लगबगीनं टेबलाशी परतली.

पाणी राहिलंच.

थोड्या वेळानं तिच्या कानावर ठकीची कुजबुज पडली.

"आजी, नुसतं पाणी पाणी करू नकोस. त्यानं नाही येत ती. मीसुद्धा भूक लागली असं नाही सांगत. काहीतरी वेडंवाकडं बोल, मग बघ कशी पळत येते."

"काय बोलू?"

"ढगाचं बोल. ढगाचं तिला फार आवडतं. मी ढगाला शेंबूड आलाय म्हटलं, तर मला लगेच मांडीवर घेतलं होतं."

लेखिकेनं पेन खाली ठेवलं. ती उठली. घाईघाईनं पाणी कालवताना निम्मी पावडर ओट्यावर सांडली. वाटी घेऊन ती पलंगाशी बसली.

"घे आई. चुकलं माझं."

चमचा ओठांपाशी आला. ओठ सुकून पांढरे पडले होते. म्हातारीनं ते घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"थांब ना जरा," ती ओशाळून म्हणाली. "अजून मी काही सांगितलंच नाही."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या. आणि तिच्या लेकीचीही. ती अजून चमचा धरून बसली आहे.