सलग भिंत

हॅलिफॅक्समधल्या जुळ्या घरांत मेव्हिस आणि एडना शेजारी राहत. दोन्ही घरांची पुढची दुहेरी भिंत सलग, आतून पोकळ. एडना घरातही लोकरीची टोपी घालून वावरायची.

"माझ्या भिंतीत ऊब धरणारे थर्मोकोलचे मणी भरून घेतेय. तुझ्याही भरून देऊ?" मेव्हिसने विचारलं.

"उपकार नकोत. थंडी तुला वाजते, मला नाही!"

कारागिराने मेव्हिसच्या भिंतीच्या विटांमध्ये भोकं पाडली. "आजी, दोन घरांच्या हद्दीवर आधी आत अडसर म्हणून ब्रश बसवतो. नाहीतर मणी शेजारी घरंगळतात."

"ब्रश राहू दे. मणी पुरेसे आणलेत ना?"

जानेवारीत एडना कुंपणावरून म्हणाली, "बघ, उगाच खर्च केलास. माझं घर मुळातच ऊबदार."

"हो गं," मेव्हिस म्हणाली, "तुझ्याकडचं बांधकामच चांगलं."